तीन सॅक आणि एक बिनखिशाची चड्डी

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
सोमवार, २७ नोव्हेंबर २००६

ती. मोरेश्वरदादास,

अरुणचा षडंग नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण आठ अंगांपैकी गुडघे सध्या गोठवलेल्या मटारांच्या पिशवीखाली आहेत आणि वाचा दंतवैद्याच्या इंजेक्शनमुळे सकाळपासून बधिर आहे. उरलेल्या सहांवर गोड मानून घे. शोभनाआत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. (आता तिला सगळं लख्ख दिसतं आणि ती दिवसभर प्रतिमावहिनींना कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं दाखवत फिरते, हेही वाचलं. वहिनींना माझी सहानुभूती कळव. आत्याच्या देखत कळवू नकोस.) तुझी कंबर कशी आहे? माझ्या कंबरेविषयी या पत्रात पुढे बरंच येणार आहे.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय होत आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या, दोन गाड्या आणि एक ताजा रूट कॅनॉल बाळगून असलेल्या गृहस्थाला दर शनिवारी सकाळी बिनखिशाची चड्डी घालावी लागते. हसू नकोस. माणसाला खिसा नसला की त्याची काय अवस्था होते याचा तू कधी विचार केला आहेस का? रुमाल कुठे ठेवायचा? गाडीची किल्ली, वाचायचा चष्मा, खोबरं-सुपारीची डबी? मुंजीतला लंगोट सोडला तर मी जन्मात कधी खिशावाचून चारचौघांत उभा राहिलेलो नाही, आणि तेव्हाही बटूच्या हातात निदान झोळी होती. इथल्या दुकानात चड्ड्यांचे चाळीस प्रकार आहेत आणि चाळीसही प्रकारांना खिसे आहेत. एकीला तर मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, खिसा होता. तिथे काय ठेवतात असं विचारलं तर दुकानातली मुलगी म्हणाली, काहीही. शेवटी वीणाने माझ्या जुन्या चड्डीचे खिसे लाल दोऱ्याने टाचून टाकले (घरात तोच होता म्हणे, काळ्या चड्डीवर तो ऑपरेशनच्या टाक्यांसारखा दिसतो). आता बोलताना माझे हात सवयीने खिशाकडे जातात आणि शिवणीवर आपटून परत येतात. माझा सगळा ऐवज मैदानाच्या कडेला एका जुन्या खाकी पिशवीत पडून असतो. ऊन चढलं की मी ओवरीच्या बाहेर बसलेल्या भिक्षुकासारखा तिच्याकडे बघत राहतो.

हे सगळं तुझ्या पत्रावरून निघालं. तू लिहितोस, 'वीणाने फोनवर आईला सांगितलं की तुला एका दिवसात तीन सॅक मिळाल्या. तिन्ही तुला काय करायच्या? माझी फाटली आहे. एक पाठव.' दादा, वाक्य वीणाचंच आहे आणि खरंही आहे, पण सॅक पाठवता येत नाही. ती पाठीला लावायची सॅक नव्हे. नोकरीतून काढतात त्यालाही इकडे सॅक म्हणतात, तीही नव्हे. (आत्याने तुला पिशवीचा अर्थ सांगितला हे माझं नशीब, नाहीतर एव्हाना आख्ख्या धंतोलीत मी बेकार झालो असतो.) ही तिसऱ्याच जातीची सॅक आहे, आणि ती समजून घ्यायची तर तुला आधी अमेरिकन फुटबॉल समजून घ्यावा लागेल. घाबरू नकोस. मी तो तुला कबड्डीत सांगतो.

आमच्या मराठी मंडळाचा एक संघ आहे, 'मावळे' नावाचा. (पंच तो 'माव्हेल्स' असा पुकारतात, परवा एका बाईने विचारलं, तुम्ही वेल्समधून आलात का?) गावातल्या चाळिशीपुढच्या पुरुषांच्या स्पर्धेत आम्ही खेळतो. संघात दोन तरुण घ्यायची सवलत आहे, बहुतेक रुग्णवाहिकेला फोन करायला. या वयात कोणी कोणाला आडवं पाडायचं नाही. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन बाजूंना दोन कापडी पट्ट्या. बॉल ज्याच्या हातात, त्याची पट्टी ओढली की तो बाद. (ओढणाऱ्याची बोटं खिशात अडकू नयेत म्हणून खिशांना बंदी.) थोडक्यात, सुसंस्कृतपणे धोतर ओढणे. मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर आठ वर्षं काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आता, समोरच्यांचा एक म्होरक्या असतो, क्वार्टरबॅक (क्वार्टरशी त्याचा संबंध नाही, वहिनींना सांग). तो मागे उभा राहून बॉल लांब फेकतो. आणि आपल्यातला एक जण सात यार्डांवरून सुटतो आणि त्याने फेकायच्या आत त्याची पट्टी ओढायला त्याच्यावर धावून जातो. तो रशर. रशर म्हणजे मी. फेकायच्या आत पट्टी हातात आली की ती सॅक.

सप्टेंबरमध्ये पहिल्याच सामन्यात मला तीन मिळाल्या. त्याचं रहस्य सांगतो. इथे कोणाला नीट कळलेलं नाही. सुटलो की माझ्या तोंडून आपोआप 'कबड्डी कबड्डी' सुरू होतं. वीस वर्षांत मी एकदाही चढाई केलेली नाही, पण मधली रेषा ओलांडली की दम धरायचा, हे हाडांत बसलंय. समोरचा क्वार्टरबॅक विम्याचा एजंट होता. एक टकला, ढेरपोट्या इसम श्वास रोखून, डोळे वटारून, काहीतरी पुटपुटत आपल्याकडे येतोय हे बघून तो बॉल फेकायचंच विसरला. पंच माझ्यापाशी आले आणि हळूच विचारलं, हे तुमचं काही धार्मिक आहे का? मी मान डोलावली. (खोटं नाही. तुझ्या हाताखाली ज्याने कबड्डी खेळली, त्याला हे पटेल.) तेव्हा आमचा बचाव राजीव बघायचा. त्याचं संपूर्ण बचावशास्त्र दोन शब्दांचं होतं: 'काका, सुटा!' मी सुटायचो. फार सोन्याचे दिवस होते ते. मग राजीवला जर्सी सिटीची नोकरी लागली आणि आमच्या नशिबी श्रीराम आला.

श्रीराम पुण्याचा. (पुढचं लिहायची खरं तर गरज नाही, पण लिहितो.) वय तेहतीस, एका कंपनीत प्रोसेस सुधारतो. काय सुधारतो विचारलं तर प्रोसेसच, असं सांगतो. त्याने स्वतःला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर हे पद घेतलं. म्हणजे बचावाची आखणी करणारा. आपल्याकडे हे काम कॅप्टन शिव्या देऊन करायचा, इथे त्याला लॅपटॉप लागतो. पहिल्याच आठवड्यात त्याने आम्हा अकरा जणांना त्याच्या तळघरात बोलावलं, पोह्यांच्या बशा हातात दिल्या आणि भिंतीवर बाण दाखवायला सुरुवात केली. मुद्दा असा की आजवर आपण माणूस धरत होतो, आता जागा धरायची. मी म्हटलं, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी? तो म्हणाला, एक्झॅक्टली, काका. माझ्या टोमण्याला कोणी 'एक्झॅक्टली' म्हटलं की माझं रक्त आटतं.

मग माझी पाळी आली. भिंतीवर एक लाल टिंब होतं, तो मी. आधी त्या टिंबातून एक सरळ बाण क्वार्टरबॅकच्या छातीकडे जायचा. श्रीरामने तो पुसला आणि वाकडा, गळाच्या आकड्यासारखा बाण काढला. तो त्याच्या बाजूने जाऊन नुसताच उभा राहत होता. 'काका, तुम्ही सॅकच्या मागे लागू नका. तुम्ही फक्त त्याला बाहेरून पळू द्यायचं नाही. कंटेन करायचं. तो आत वळला की आतला माणूस त्याला घेईल.' म्हणजे मी धावायचं, त्याच्यापर्यंत पोचायचं, आणि पट्टी हाताशी असताना हात पसरून उभं राहायचं. घेणार कोण? तर अमन. अमन चोवीस वर्षांचा, इथेच जन्मलेला, मांडीचा घेर माझ्या पोटाएवढा, पण अतिशय सभ्य. मला 'अरुणकाका' म्हणतो आणि त्यातला 'ण' म्हणायला निदान प्रयत्न करतो. शिवाय कबड्डीचा दम बंद. त्याने म्हणे इतरांना सूचना ऐकू जात नाहीत. घरी येऊन हे सगळं मी इलाला सांगितलं (कन्या आता कॉलेजात आहे, सुट्टीपुरती येते आणि मतं देऊन जाते). ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, 'सो बेसिकली, बाबा, यू आर द डिकॉय.' डिकॉय म्हणजे काय ते तुला ताडोब्याच्या भाषेत सांगतो: मचाणाखाली बांधलेली शेळी.

तर दादा, त्यानंतरच्या सहा सामन्यांत माझ्या सॅक किती, तर शून्य. श्रीराम दर रविवारी सगळ्यांना एक तक्ता पाठवतो. त्यात माझ्या नावापुढे पोकळ शून्यांची अशी माळ लागली की शेवटी वीणा म्हणाली, हा तक्ता आहे की तुमच्या पोटाची वाढ? शनिवारी मैदानभर त्याचा आवाज घुमायचा: 'काका, कंटेन! काका, कंटेन!' बाजूच्या मैदानावरचे लोक समजायचे की ते माझं नाव आणि आडनाव आहे. अंतिम सामन्याच्या आदल्या मंगळवारी मी त्याला फोन करून सरळ विचारलं, पुढच्या वर्षी रशर कोण? तो खाकरला. पुणेकर खाकरला की उत्तर ठरलेलं असतं आणि तो फक्त व्याकरण तपासत असतो. 'फायनल बघू, काका, मग ठरवू. डेटा बघून.' मी मनाशी ठरवलं, डेटा हवा ना, देतो. अंतिम सामन्यात एक सॅक घ्यायचीच. मग तो बाण सरळ असो, वाकडा असो, नाहीतर श्रीरामच्या भिंतीला भोक पडो. तू म्हणशील, टकल्या, कशासाठी एवढं? खरं सांगतो. दिवसभर ऑफिसात मी दुसऱ्यांनी केलेल्या चुकांच्या याद्या करतो. घरात कोणी माझं ऐकत नाही, कारण घरात बहुतेक वेळा कोणी नसतंच. आठवड्यातले ते सात यार्ड तेवढे माझे होते.

अंतिम सामना परवा शनिवारी झाला. समोर दंतवैद्यांचा संघ. त्यांचा क्वार्टरबॅक म्हणजे डॉक्टर हॅन्सन, आणि डॉक्टर हॅन्सन म्हणजे ज्याने माझी डावी दाढ पोखरून, वर तात्पुरतं सिमेंट थापून, मला सोमवारची वेळ दिली होती तो. हस्तांदोलन करताना त्याने माझ्या गालाकडे बघितलं आणि प्रेमाने म्हणाला, 'सोमवारी भेटूच, अरुण.' याच्या धोतराला हात घालायचा की नाही, हा प्रश्न भीष्मालाही पडला असता. पहिल्या अर्ध्यात मी निमूटपणे आकड्यासारखा धावलो, उभा राहिलो, धावलो, उभा राहिलो. हॅन्सन आत वळायचा, पण अमन पोचेपर्यंत फेकून मोकळा व्हायचा. असं करत आम्ही शेवटच्या मिनिटाला एका गुणाने पुढे होतो आणि त्यांचा एकच डाव शिल्लक होता. फेक जमली तर करंडक दंतवैद्यांचा.

मी सुटलो. मनाई असूनही दम धरला. 'कबड्डी कबड्डी' सुरू झालं, वारा कानात, आणि दादा, मी त्याच्यापर्यंत पोचलो! हॅन्सन बॉल उचलून लांब बघत होता. त्याची पिवळी पट्टी माझ्यापासून दीड हातावर फडफडत होती. मागून श्रीराम बेंबीच्या देठापासून 'काका, कंटेन!' ओरडत होता. कडेवरून वीणा ओरडत होती, 'अहो, ओढा ना ती!' (बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचं आणि माझं मत जुळलं.) आणि मी थांबलो. बाहेरच्या अंगाला दोन्ही हात पसरून, परसात कोंबडी अडवणाऱ्यासारखा उभा राहिलो. हॅन्सनने बाहेर पळायला पाय टाकला, समोर मला बघितलं, गचकन आत वळला, आणि अमनने अलगद त्याची पट्टी काढून घेतली. संपलं. मावळे जिंकले.

मग जे व्हायचं तेच झालं. सगळे अमनवर तुटून पडले. त्याला खांद्यावर घेतलं, ढोल घेऊन कोणीतरी आलंच होतं (आपल्या लोकांना ढोल वाजवायला करंडकही लागत नाही), तो बडवला. मी हात पसरलेलाच होतो. खाली घ्यायचे कधी, ते कळेना, खिसेही नव्हते. तेवढ्यात अमन लोकांच्या खांद्यावरून घसरून खाली उतरला, गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला, ती पिवळी पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, 'अरुणकाका, दॅट वॉज युअर सॅक.' आणि वळून ओरडून सगळ्यांना तेच सांगितलं, की याने अडवला नसता तर मला काय मिळणार होतं. पोराला हे म्हणायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

दादा, मला तेव्हा वर्ध्याचं मैदान आठवलं. एकोणऐंशीची आंतरजिल्हा स्पर्धा, शेवटची चढाई, बडनेऱ्याचा तो रेड्यासारखा गडी. उजव्या कोपऱ्यातून तू त्याचा घोटा धरलास. त्याने तुला दोन हात फरफटत नेलं, तुझ्या कोपराचं सालडं निघालं, पण तू घोटा सोडला नाहीस. आणि मी मधून येऊन त्याच्या पाठीवर नुसता पडलो. वरचा दिसतो, खालचा दिसत नाही. लोकांनी मला उचललं. बक्षीस मला मिळालं. तू धूळ झटकत म्हणालास, 'मस्त पडलास बे, अरुण.' मी 'हो' म्हटलं. तेव्हापासून आजपर्यंत मी फक्त 'हो'च म्हटलं आहे.

असो. श्रीरामने काल तक्ता पाठवला. त्यात 'कंटेन' असा नवा रकाना आहे आणि माझ्या नावापुढे एक, हिरव्या रंगात. खाली टीप आहे: पुढच्या वर्षी रशर अमन, कोपऱ्यात काका. मी वाद घातला नाही. वीणाला संशय आला, तिने कपाळाला हात लावून ताप बघितला. डॉक्टर हॅन्सनने आज सकाळी दाढ पुरी केली. इंजेक्शन नेहमीपेक्षा जरा लांबून आल्यासारखं वाटलं, पण तो माझ्या मनाचा खेळ असेल. आत्याला नमस्कार. वहिनींना सांग, जळमटं काढायचा लांब झाडू इथे सुरेख मिळतो, पण तो आत्याच्या हातात पडू नये म्हणून मी पाठवत नाही.

तुझा,
अरुण

ता. क. १ – मी शिस्तीने थांबलो, असं वर वाचून तुझा समज झाला असेल. तसं मी कुठेही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून बघ. डावा गुडघा ऐन वेळी अडकला. मला पट्टीच ओढायची होती. हात पुढे करायचे होते. तोल सावरायला ते बाजूला गेले. हे श्रीरामला माहीत नाही. अमनलाही नाही. तुझा मात्र एकोणऐंशी साली गुडघा अडकलेला नव्हता, हे मला चांगलं माहीत आहे.

ता. क. २ – हे सगळं लिहिलं ते एका विनंतीसाठी. कोपऱ्यात उभं कसं राहायचं ते मला लिहून कळव. मी तुझ्या शेजारी सहा वर्षं खेळलो, पण बघत होतो ते फक्त गर्दीकडे. वजन कोणत्या पायावर ठेवायचं, नजर कुठे ठेवायची, कधी वाकायचं. शिव्यांसकट लिहिलंस तरी चालेल. श्रीरामला दाखवताना मी त्या गाळीन.

ता. क. ३ – शेजारची राधिका एका लग्नाला अठरा डिसेंबरला नागपूरला येते आहे. तिच्याबरोबर एक खाकी सॅक पाठवतो आहे. पट्टे मी इथे नवे बसवून घेतले. तिच्यावरची पांढरी अक्षरं पुसट झाली आहेत, पण 'उत्कृष्ट पकड, १९७९' एवढं आत्याला नव्या डोळ्यांनी नक्की वाचता येईल. खाली ऑइलपेंटने तुझं नाव घातलं आहे. वहिनींना सांग, लगेच धुवायला टाकू नका. माझ्या किल्ल्या आणि चष्मा आता वीणाच्या पर्समध्ये राहतात. सॅकची चेन मधेच अडकते. आधी डावीकडे जराशी खाली ओढायची, मग वर. सत्तावीस वर्षं मी तसंच करत आलो. आता तू कर.